दोन पेल्यांचा जग

माझ्या ओठाचा टवका उडालाय, म्हणून हल्ली पाहुण्यांसमोर मला कुणी ठेवत नाही. पण मित्रांनो, एके काळी हा मोठा काचेचा जग बघून लोक थबकायचे. भट्टीतल्या लालबुंद रसात एका कारागिराने फुंकर मारली आणि माझं पोट फुगलं. कान त्याने मागाहून चिकटवला, तोही जरा तिरका. त्या तिरक्या कानापायी दुकानात मी कितीतरी दिवस धूळ खात पडलो होतो. शेवटी मालकीणबाईंनी मला उचललं आणि हा माझ्या हाताला बरोबर बसतो म्हणाल्या.

मालक चाव्या बनवायचे. दिवसभर पितळ घासून यायचे, हात धुऊन जेवायला बसायचे. बाई माझ्यातून दोन पेले भरायच्या, एक त्यांना, एक स्वतःला. मी दोघांच्या मधोमध. त्यांची भांडणंसुद्धा माझ्या डोक्यावरून व्हायची, पण दुसरा पेला भरेपर्यंत मिटायचीही.

मग बाई गेल्या. घर खायला उठलं. मालक एकटेच वाढून घेऊ लागले, पण हाताची सवय काही जाईना. पेले दोनच भरायचे. स्वतःचा प्यायचे, बाईंचा समोर ठेवायचे आणि जेवण झालं की तो खिडकीतल्या कुंडीत ओतायचे. झाड बाईंनीच लावलेलं. त्या घरात आता ते झाड आणि मी एवढेच सोबतीला, आणि आम्ही दोघंही मुके. फार एकटं वाटायचं हो.

एकदा मालकांना शौचाच्या वेळी रक्त दिसलं. डॉक्टरांनी मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायची ठरवली. त्यासाठी आतडं धुतल्यासारखं साफ हवं, म्हणून औषधाची पूड दिली. पाण्यात कालवायची आणि सगळं पाणी प्यायचं. मालक तसे शिस्तीचे. बियांची फळं सोडली, भाज्या सोडल्या, नुसत्या पातळ पदार्थांवर राहिले. मग पूड माझ्यात कालवली. चला, आपण अजून कामाचे आहोत, म्हणून मी खूश झालो.

औषध खारट आणि बुळबुळीत. मालकांनी दोन पेले भरले. एक नाक दाबून प्यायले. दुसरा सवयीने समोर सरकवला, आणि थोड्या वेळाने तो गेला कुंडीत. पुन्हा दोन भरले, पुन्हा तेच. अहो, काय करताय, म्हणून मी आतल्या आत कळवळत होतो, पण काचेला कुठला आलाय आवाज! मी रिकामा झालो तेव्हा निम्मं औषध त्यांच्या पोटात होतं आणि निम्मं मातीत.

तपासणीहून ते लवकरच परतले आणि बूट न काढता खुर्चीत बसून राहिले. धाकट्या बहिणीला फोनवर सांगत होते, त्यावरून मला कळलं. आतडं साफ नव्हतं, डॉक्टरांना काही दिसलंच नाही. काका, सगळं प्यायलात ना, असं नर्सने विचारलं, तेव्हा हे म्हणाले, जग रिकामा केला. खोटं नव्हते बोलत, त्यांना खरंच तसं वाटत होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की आत गाठ असली तर ती लपून वाढत राहील, तपासणी पुन्हा करायलाच हवी.

"मला नाही जमणार आता," मालक फोनवर म्हणाले. "जे व्हायचं ते होईल."

बहीण खमकी. काही दिवसांतच पिशवी घेऊन दारात हजर झाली आणि दवाखान्याची नवी वेळही घेऊन आली. आल्या आल्या तिचं लक्ष कुंडीकडे गेलं. झाडाने मान टाकली होती, पानं करपली होती, मातीवर पांढरा थर जमला होता. मालक म्हणाले, पाणी तर रोज घालतो, काय झालंय कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पूड कालवून झाली. मालकांनी एक पेला भरला, मग दुसरा. एक प्यायले, दुसरा समोर ठेवला. बहीण बघत होती. तो पेला घेऊन ते खिडकीकडे निघाले, तेव्हा तिने त्यांचं मनगट धरलं. एकदा पेल्याकडे पाहिलं, एकदा कुंडीकडे.

"म्हणजे मागच्या वेळी झाडाचं पोट साफ केलंस होय, दादा!" ती हसली, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले.

मालक हातातल्या पेल्याकडे बघत राहिले. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा उमगलं.

"तिच्या वाटचा होता गं," एवढंच म्हणाले.

बहिणीने त्यांना परत आणून बसवलं. स्वतः बाईंच्या खुर्चीत बसली, साध्या पाण्याचा एक पेला भरून घेतला आणि औषधाचा त्यांच्यापुढे सरकवला.

"वहिनीच्या वाटचंही तुलाच प्यायचंय. पी. मी बसलेय इथे."

ते एक पेला प्यायचे, ती एक घोट पाणी. मध्येच मालक लगबगीने संडासात पळायचे, ती तशीच बसून राहायची. मी तळापर्यंत रिकामा झालो, आणि या खेपेला एक थेंबही मातीत गेला नाही.

गाठ सापडली. लहान होती, डॉक्टरांनी तिथल्या तिथे काढून टाकली. कुंडीतली माती बदलून बहीण आपल्या घरी गेली.

घर पुन्हा सुनं झालंय. मित्रांनो, मला जपा, घासूनपुसून ठेवा, असं काही मी मागत नाही. माझा एक टवका गेलाय, उद्या दुसरा जाईल. पण तुमच्या माहितीत कुणी एकटं माणूस असं औषध घेऊन बसणार असेल, तर नुसती चौकशी करून थांबू नका. समोरच्या खुर्चीत जाऊन बसा.

आमचे मालक अजूनही दोन पेले भरतात. एक आपल्या जागी बसून पितात. मग उठतात, बाईंच्या खुर्चीत जाऊन बसतात आणि दुसराही पितात.