हँग इन देअर

वहिनींच्या टेबलावर पाच इंग्रजी वाक्प्रचारांचा कागद चिकटवलेला होता. ‘नो वरीज’ म्हणजे काळजी नको, ‘पीस ऑफ केक’ म्हणजे डाव्या हाताचा मळ, ‘हँग इन देअर’ म्हणजे धीर धरा, आणखी दोन तसलेच. गिऱ्हाईक आग ओकत असो की रडत असो, दर फोनमध्ये पाचही यायलाच हवेत. काय एकेक खूळ! पण आज नोकरी पक्की होण्याची शेवटची परीक्षा होती, आणि कानाला हेडफोन लावून मार्क द्यायला शेजारी बसली होती सख्खी नणंद. ऑक्सिजनची मशिनं विकणाऱ्या या कंपनीत तिनेच वहिनींसाठी शब्द टाकला होता. घरी नवऱ्याचं काम सुटलेलं.

फोन वाजला. एक म्हातारी बाई, इंग्रजी वहिनींपेक्षाही मोडकं.

“मशीन बॅड! हजबंड नो ब्रीद!”

मागे मशीन पीं पीं करत होतं, नळी अडली की करतं तसं. बाईंनी रुग्णवाहिका बोलावली होती, पण ती अजून वाटेतच होती.

“हँग इन देअर, मॅडम,” वहिनी म्हणाल्या.

“हँग? व्हॉट हँग?” बाईंना ओ की ठो कळलं नव्हतं. नणंदेने मार्कांच्या कागदावर एक खूण केली आणि पुढच्या वाक्यावर बोट ठेवलं. पीस ऑफ केक.

वहिनींचं डोकंच फिरलं. तिकडे माणसाचा जीव जातोय आणि मी म्हणू, डाव्या हाताचा मळ? खड्ड्यात गेली ती नोकरी!

“मॅडम, लुक ट्यूब! फ्लोअर. चेअर. ट्यूब अंडर चेअर?”

खुर्ची करकरत सरकली. “येस! येस! अंडर!”

खुर्चीच्या पायाखाली नळी चेपली होती. पीं पीं थांबलं. वहिनी कान देऊन बसल्या. मग एक खोल, ओला खोकला ऐकू आला आणि बाई हमसून रडू लागल्या. रुग्णवाहिका दारात येईपर्यंत वहिनींनी फोन सोडला नाही.

मग त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

“वन्सं, एकच वाक्य झालं. खुशाल नापास करा. घरी यांना मी सांगते.”

नणंदेने कागद पुढे सरकवला. पाचपैकी पाच.

“अहो, हे खोटं आहे!”

“असू दे.” नणंदेने पेनाला टोपण लावलं. “गेल्या वर्षी मला खरे पाच पडले होते, वहिनी. असाच एका बाईंचा फोन होता. मी पाचही वाक्यं म्हटली. तेवढ्यात त्या बाईंचा नवरा गेला.”