कीर्तनात गाळलेलं

तपासणीसाठी रक्त दिल्यावर कोपरात कापूस दाबून कृपादान दवाखान्याच्या बाकावर टेकला, तोच समोरच्या डायलिसिसच्या दारातून एक बाई लगबगीनं आली आणि त्याच्या पायाशी वाकली.

“बेलापूरचे कीर्तनकार बुवा ना तुमी? मी भीमाबाई, पारनेरकडची. नाताळात तुमचं कीर्तन ऐकलं. लई रडले.”

कृपादान सुखावला. पाच वर्षांपूर्वी बायकोनं, मरियानं, त्याला किडनी दिली. तेव्हापासून कीर्तन रंगात आलं की देवानं आपल्याला कसं वाचवलं याची साक्ष तो गाई. टाळ थांबत, पेटीचा सूर तेवढा धरलेला असे, आणि माणसं डोळे पुसत.

“इथं कोण तुमचं?”

“लेक. बिभीषन. माझीच किडनी बसवली हुती त्याला. दोन वर्सं घोड्यावानी पळाला. मला म्हनायचा, आये, किडनीबरुबर तुझं भांडनबी आलं माझ्यात.” ती हसली, आणि हसू पदरानं पुसून टाकलं. “आता पुन्हा मशिनीवर हाय.”

“असं कसं झालं?”

“तुमीच न्हाई का गायला, गोळ्यांचा डबा झाकला अन् देवापुढं हात जोडले? त्यानंबी झाकला. दीड महिना. म्या म्हनलं, देव काय येगळा हाय का? पन आमचीच भक्ती कमी पडली, बुवा.”

कृपादानाच्या हातातला कापूस गळून पडला. डबा झाकला होता, हे खरं. एका संध्याकाळी, प्रार्थना होईस्तोवर. नंतर उघडून त्यानं किडनी टिकवायच्या गोळ्या घेतल्या होत्या. पण झाकला म्हटलं की टाळ्या पडत. उघडला म्हणायला गेलं की चाल मोडायची. मग ते गाणं तिथंच थांबत गेलं.

“एक डाव त्याच्या उशाशी तेवढं म्हना,” भीमाबाई म्हणाली. “धीर यील पोराला.”

तो आत गेला. बिभीषणाच्या एका हाताला नळ्या होत्या. दुसरा त्यानं कपाळाला लावला.

“बुवा! ओ सिस्टर, तुमची मशीन जरा गप करा, कीर्तन हाय!”

कृपादानानं घसा खाकरला. सूर लागेना. खांद्याची पिशवी उतरवून त्यानं डबा काढला आणि कॉटच्या कडेवर उघडून ठेवला. रक्त तपासायचं म्हणून सकाळच्या गोळ्या राहिल्या होत्या.

“त्या दिवशीबी उघडला हुता,” तो म्हणाला. “हात जोडून झाल्यावर. रोज उघडतो, दोन टाइम. एक दिस चुकवला न्हाई. कीर्तनात तेवढं... गाळलं मी.”

बिभीषणानं तोंड भिंतीकडं केलं.

भीमाबाईनं त्या गोळ्यांकडं बघितलं. तिचा हात नकळत कुशीवरच्या व्रणाशी गेला. मग तिनं उशाची पाण्याची बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि पुढं केली.

“घ्या,” ती म्हणाली. “तुमच्या बायकोची हाय ती किडनी.”