दुपारचा पहारा

कोटाच्या आतल्या खिशात बोटांना काहीतरी गोल, गार लागलं – वेटोळं, पातळ कागदात गुंडाळलेलं, एका जागी कागद फाटून टोक बाहेर आलेलं – आणि बाहेर काढून बघायच्या आधीच बजरंगला कळलं की ही वीणेची तार आहे. पितळी. वडिलांनी, आबांनी, आणायला सांगितलेली. नांदेडला कोट घ्यायला गेला तेव्हाच घेतलेली, आणि कोट अंगात घालून बघताना खिशात टाकलेली, आणि मग... दिलेली. दिली होती की. मी म्हणालो होतो, "आणली आबा, देतो."

देतो म्हणालो होतो.

हॉटेलच्या न्याहारीच्या टेबलावर समोर सिद्धलिंगअप्पा शेंगदाण्याची चटणी पावाला लावून खात होते. उदगीरचा माणूस, बियाण्यांचं मोठं दुकान, परदेशातही कपाळावर विभूतीचे पट्टे ठळक. सोयाबीनच्या बियाण्यांचं टार्गेट पूर्ण केलेल्या दुकानदारांना कंपनीनं स्वित्झर्लंड दाखवायला आणलं होतं आणि आज नाताळ होता, म्हणून गावातलं एकूण एक दुकान बंद होतं. खिडकीबाहेर तळं, तळ्यावर धुकं, आणि रस्त्यावर एकही माणूस नाही – आपल्याकडे सणाला माणसं बाहेर पडतात, इथं आत जातात.

"काय सापडलं, सावकार? बायकोनं चिठ्ठी ठेवली का?"

"तार हाय, अप्पा. इन्याची."

अप्पांनी चष्मा वर केला. "इना तिकडं अन् तार हिकडं? आमचं बरं हाय बघा. देव गळ्यातच." त्यांनी सदऱ्यावरून इष्टलिंगावर हात ठेवला. "त्याला पासपोर्ट लागत न्हाई."

बजरंग हसला. हसताना लक्षात आलं, घरी आता दुपारचे दोन झाले असतील.

दोन. म्हणजे पंगती उठल्या. देगलूरजवळच्या त्या गावात दत्तजयंतीचा सप्ताह चालू आहे, मांडवात जेवून आडवी झालेली माणसं, वरणाच्या वासावर घोंगावणाऱ्या माश्या, मृदंग कपड्यात गुंडाळलेला, महाराज कुणाच्या तरी ओसरीवर लवंडलेले, संध्याकाळच्या कीर्तनाला अजून अवकाश... आणि देवासमोर एकच माणूस जागा, उभा, गळ्यात वीणा. सात दिवस ती खाली ठेवायची नाही, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, पाया पडून घ्यायची, पाया पडून द्यायची. गाव झोपलं तरी नाव झोपू नये म्हणून. पहाटेचा पहारा मागायला भांडणं होतात, दुपारचा कुणालाच नको असतो. तो आबांचा – किशनरावांचा. किती वर्षांचा, ते आबांनाही सांगता येणार नाही. बजरंगला आठवतात ते आबांचे घोटे. लहानपणी तो त्यांच्या पायाशीच झोपायचा आणि डोळा उघडला की आधी ते घोटे दिसायचे, मातीनं भेगाळलेले, भार या पायावरून त्या पायावर घेणारे, आणि वरून, फार वरून, तो एकसुरी झंकार यायचा. मग पुन्हा झोप. अशी झोप पुढे कधी लागली नाही. अमुक खोलीत नाही, तमुक गादीवर नाही, आणि काल रात्रीच्या या मऊ पांढऱ्या रजईत तर नाहीच.

"आवंदा पाय साथ देईनात," आबा पोळ्याच्या सुमाराला म्हणाले होते. "दुपारचा पहारा तू घे." आणि त्यानं "हाव, घेतो" म्हटलं होतं. नंतर सहलीची तारीख आली. सांगताना त्याला वाटलं होतं, आबा काही बोलतील... बोलले असते तर बरं झालं असतं. ते देवणी गाईच्या मानेखाली खाजवत राहिले. "जा की. दुनिया बघून ये. इना काय, कुनीबी धरतंय." म्हणून तर चुलतभावाला, बालाजीला, सांगून आलो. सगळी सोय लावून आलो. दुकानदाराला सोय लावता येते.

त्यानं फोन लावला. बायकोनं, शिवकन्यानं, पहिल्याच रिंगला उचलला.

"देवळात हाय मी. हळू बोला, लोक झोपल्यात."

"बालाजी आलाय का पहाऱ्याला?"

"आले होते की भावजी. आबानं दिला न्हाई इना. म्हनले, ह्यो बजरंगाचा पहारा हाय. तो येईस्तोर त्याच्या जागी मी उभारतो."

"अगं, त्यांला उभं राहवत न्हाई म्हनून तर—"

"मला काय सांगता? तुमच्या बापाला सांगा. खांबाला टेकल्यात. आपली शिवांगी बसलीय पायाशी. पोरगी म्हनते, आबा पडले तर मी धरते."

फाटक्या कागदातून तार तळहाताला टोचत होती.

"अन् तार..." तो म्हणाला.

"तुटली परवा. तुमी देतो म्हनून गेलात ते गेलातच." ती हसली असावी. "आबानं जुनीलाच गाठ मारली. महाराज म्हनले, किशनराव, आवाज घोगरा येतोय. तर म्हनले, माजाबी तसाच येतोय महाराज, चालवून घ्या."

"रागवल्यात का?"

"इचारू? आत्ता बोलत न्हाईत. पहाऱ्यावर हाईत. घ्या, ऐका."

फोन कुठंतरी पुढे गेला. आधी माशी, मग कुणाचं तरी घोरणं, मग – वीणा. तीन तारा स्वच्छ, आणि चौथी गाठीपाशी खरखरणारी, थकलेली, पण दर फेऱ्याला येणारी, चुकूनही न चुकणारी... त्यानं डोळे मिटले. मग रेंज गेली.

ऐकू येणं थांबलं, म्हणजे वाजणं थांबलं नाही, हे त्याला कळत होतं. पण कळून काय उपयोग.

"बस निघायला अवकाश हाय," अप्पा म्हणाले. त्यांनी सगळं ऐकलं होतं आणि काहीच ऐकलं नसल्यासारखं चटणीचं झाकण लावत होते. "या जरा फिरून."

त्यानं तार आणि फोन कोटाच्या आतल्या खिशात टाकले. बाहेर थंडी दातांना लागत होती. कुठंतरी घंटा वाजायला लागली तसा तो आवाजाच्या दिशेनं चालत गेला. दगडी चर्च, लहानसं, दार उघडं. घरात गेलेली माणसं इथं होती तर. आत मेणबत्त्यांचा आणि ओल्या लोकरीचा वास. समोर पांढऱ्या केसांची एक बाई बोलत होती, भाषेचं एक अक्षर कळत नव्हतं, पण बोलता बोलता तिचा आवाज चढला, थांबला, आणि अलगद गाण्यात उतरला, आणि मागच्या माणसांनी ते पद उचललं. हे तर... असंच असतं. बोलायचं, शब्द पुरेनासे झाले की गायचं, आणि मागच्यांनी ते पडू द्यायचं नाही. पेटी मोठी होती, भिंतीएवढी. बाकी तेच.

कडेच्या बाकावरच्या म्हातारीनं सरकून जागा केली, हातानं बाकावर थोपटलं. त्यानं हात जोडले, मान हलवली आणि खांबापाशी उभा राहिला. तिनं पुन्हा थोपटलं. तो पुन्हा हसला. कसं सांगणार, की आजी, बसता येत नाही, माझा पहारा चालू आहे.

भार उजव्या पायावर. मग डाव्या. डावा खांदा आपोआप खाली गेला, उजव्या हाताचं बोट कोटाच्या गुंडीवर हलायला लागलं, वर-खाली, वर-खाली. आबांचा गुडघा आत्ता दुखत असेल. ते म्हणाले असतील, त्याच्या जागी मी उभा आहे. आणि मी कुणाच्या जागी उभा आहे? इथं तर कुणी मला उभं केलेलं नाही... की तिथं उभं राहून त्यांनीच केलंय? तो बराच वेळ या वाक्याशी थांबला, नंतर ते वाक्यही गेलं, नुसती फेऱ्यानं येणारी खरखर राहिली.

मागून बूट वाजले. अप्पा.

"बर्री, चला सावकार. बसमंदी समदे बसले." मग त्यांनी त्याच्या बोटाकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "किती येळ अजून?"

"आबा उभे हाईत तोवर."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली. बाकाकडे पाहिलं, बसले नाहीत. "सांगून येतो त्यांला," ते म्हणाले. "डोंगर कुठं जात न्हाई."

ते गेले. पुढे गाणं पुन्हा बोलण्यात आलं होतं. तेवढ्यात खिशात फोन थरथरायला लागला – शिवकन्याचा असेल. आबा बसले असतील. किंवा गाठ सुटली असेल. किंवा नुसतंच, रेंज आली म्हणून... हात खिशाकडे निघाला, आणि गुंडीपाशीच राहिला. पहाऱ्यावरचा माणूस बोलत नाही. फोन थरथरत राहिला, आणि त्याला लागून असलेलं तारेचं वेटोळं बारीक, अगदी बारीक वाजत राहिलं, त्याच्या एकट्याच्या छातीशी. त्यानं भार या पायावरून त्या पायावर घेतला. तिकडे शिवांगीच्या डोळ्यांसमोर आत्ता आबांचे घोटे असतील. तिला झोप लागली असेल तर लागू दे, त्याला वाटलं... आम्ही दोघं उभे आहोत.