आंब्याच्या ढोलीतली तोतया

"आमच्या सुनेला एकच शब्द येतो गं, सालोमी. 'चालेल.' भाजी अळणी झाली? चालेल. पंखा बंद करू? चालेल. माणूस आणलंय की पाटा-वरवंटा, तेच कळत नाही!"

कुंपणाशी शेजारणीबरोबर चाललेलं प्रेमलताबाईंचं हे बोलणं सुनेसाठी नव्हतं. पण सून, म्हणजे विनया, आंब्यामागेच उभी होती. आणि तिच्या डोक्यावर, हवेत, मी.

मी एक माशी बोलतेय. साधी माशी. फक्त अंगाने दांडगी, कमरेला काळेपिवळे पट्टे आणि आवाज भरदार. त्यामुळे सगळे मला गांधीलमाशी समजतात. मीही कुणाचा समज मोडत नाही. नांगी नाही, विष नाही, नुसत्या कपड्यांवर दिवस काढते. माणसांतही असे पुष्कळ असतात म्हणे.

माझा जन्म वसईचा. विनयाच्या सासऱ्यांच्या, दिवाकरभाऊंच्या वाडीत, केळींच्या पलीकडे म्हातारा आंबा आहे, त्याच्या ढोलीत. आत पावसाचं पाणी आणि कुजलेला भुसा. तिथे मी अळी होते. त्या दिवसांतल्या रूपाबद्दल विचारू नका. गणपती गेले, मला पंख फुटले आणि मी या थाटात बाहेर पडले.

पहिल्याच दिवशी दिवाकरभाऊ पाटाचं पाणी वळवायला आले. नवी ओळख करून घ्यावी म्हणून मी त्यांच्या नाकासमोर तरंगत राहिले. भाऊ फावडं टाकून पळाले. एक चप्पल चिखलातच राहिली. संध्याकाळपर्यंत घरात माझी लांबी चिमणीएवढी झाली होती.

"माझ्या चुलतभावाला चावलेली ना, पाचूबंदरला," सालोमीने कुंपणावरून भर घातली. "तोंड पावासारखं फुगलं. बायकोनं वळखला नाय!"

मग फावडं आणणार कोण?

"मी जाते. चालेल," विनया म्हणाली.

ती आली. मी गुरगुरत अंगावर गेले, ती हलली नाही. नाइलाजाने अळूच्या पानावर बसले आणि सवयीने पुढचे पाय एकमेकांवर चोळले. तिथेच फसले.

विनया वाकली. डोळे बारीक करून बघत राहिली. "गांधीलमाशी कधी असे हात चोळते? आणि पंख तर चारऐवजी दोनच! अगं लबाडे!"

संपलं, म्हटलं. आता ही घरात जाऊन सांगणार. पण ती फावडं आणि चप्पल घेऊन शांतपणे परतली.

"होती का गं?" प्रेमलताबाईंनी विचारलं.

"होती."

"मोठी?"

"बरीच मोठी."

खोटं एक अक्षर नाही!

मग ती रोज दुपारी चहा घेऊन येऊ लागली. पहिल्यांदा मला कारण कळेना. मग हळूहळू कळलं. टेलिफोन नुकताच आलेला, तो बाहेरच्या खोलीत, विणलेल्या रुमालाखाली. केळव्याहून तिच्या आईचा फोन आला की सारं घर कान देऊन बसायचं. दिवसा स्वतःच्या खोलीचं दार लावायची सोय नाही. एवढ्या मोठ्या घरात तिला एकटीने बसायला जागा नव्हती. आणि इथे मी होते, फुकटची राखणदार. मुळावर बसून ती बशीतून चहा फुरके मारत प्यायची आणि सासूबाईंची नक्कल करून दाखवायची. हुबेहूब! ती हसली की मी जोरात गुणगुणायचे, कुंपणापलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून.

आता माझं वय झालं. उजवा पंख फाटलाय. अंडी मात्र ढोलीत घालून ठेवलीत.

आणि आज सकाळी भाऊ झावळीची चूड रॉकेलमध्ये भिजवून, बांबूला बांधून आले. मागे सालोमी चुन्याची डबी घेऊन, डंखावर लावायला. त्यांच्यामागे प्रेमलताबाई, डोक्यावर पदर घट्ट ओढून.

"पोर रोज त्या बाजूला जाते. चावली बिवली तर तिच्या आईला फोनवर काय सांगू मी?" त्या म्हणाल्या. माया होती ती. मायेपुढे पट्टे काय कामाचे? बाबांनो, आग लावण्याआधी निदान पंख तरी मोजत जा.

भाऊंनी चूड पेटवली. "ढोली जाळतो गं, विनया. चालेल ना?"

विनयाने ढोलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खरं सांगितलं तर ढोली वाचेल, पण उद्यापासून सगळं घर इथे चहाला येईल, हे तिला माझ्याइतकंच कळत होतं.

तिने हात पुढे केला. मी त्यावर उतरले. प्रेमलताबाई किंचाळल्या. सालोमीने छातीवर क्रूस काढला. मी तळहातावर बसून हात चोळले.

हे सगळं तिथूनच सांगतेय. ती सासूबाईंकडे वळलीय.

"ही चावत नाही, आई. ढोली जाळलेली मला चालणार नाही. आणि दुपारचा चहा मी इथेच पिणार. एकटी."