हेस्टर गपीची फुली

इंग्लंडमधल्या नेदर हिंटन गावच्या चर्चची किल्ली ॲव्हरिल स्टिकलंडकडे असायची. जुन्या नोंदवह्यांच्या झेरॉक्सही तिच्याचकडे. १९९४च्या मे महिन्यात टास्मानियाहून लिंडसे गपी नावाचा निवृत्त मास्तर तिच्याकडे आला. त्याचा खापरपणजोबा जोब याच गावचा. मेंढी चोरली म्हणून १८३४ साली त्याला काळ्या पाण्यावर, टास्मानियाला धाडलं होतं. त्याची पहिली बायको थर्झा मागे गावात तापाने गेली, असं लिंडसेच्या घरात सांगत. तिच्या थडग्यावर फुलं वाहायची, एवढ्यासाठी तो आला होता.

दफनांच्या वहीत थर्झा गपी सापडेना. ॲव्हरिलने लग्नांची वही काढली.

"ही बघा. जून १८३९. थर्झा गपी, विधवा. नवरा अमोस स्टिकलंड, गिरणीवाला."

"विधवा कशी? जोब तर पुढे तीस वर्षं जगला!"

"त्याने तिकडे लग्न कधी केलं?"

"त्याच वर्षी. नोव्हेंबरात." लिंडसे जरा ओशाळला. "विधुर म्हणून."

"झकास! दोघांनी एकमेकांना जिवंतपणीच पुरलं. अमोस माझा खापरपणजोबा. म्हणजे दोन्ही लग्नं खोटी; कायद्याने तुमचंही घराणं अनौरस आणि माझंही."

"पण सुरुवात तुमच्या थर्झाने केली."

"पाच वर्षं सासूला सांभाळून केली, तेही बोला की."

"गावात कुणालाच ठाऊक नव्हतं?"

"सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये पुकारा होतो. हरकत असेल त्याने उठून बोलायचं. कुणी उठलं नाही."

लिंडसेचं बोट साक्षीदारांच्या ओळीवर थांबलं. तिथे सहीच्या जागी वाकडी फुली होती आणि शेजारी पाद्र्याच्या अक्षरात नाव: हेस्टर गपी.

"ही कोण?"

"जोबची आई."

त्याने ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "त्याला कळवलं असेल का तिने?"

"कुणाकडून तरी लिहून घेतलं असेल. नसेलही."

चर्चच्या आवारात थर्झाचं थडगं अमोसच्या शेजारी होतं. लिंडसेने तिथे फुलं ठेवली. हेस्टरच्या नावाचा दगडच नव्हता; उत्तरेकडच्या गवतात कुठेतरी, असं ॲव्हरिलने दाखवलं. तो तिथे जाऊन उभा राहिला. बसची वेळ झाली तेव्हा तिनेच हाक मारली.

घरी आल्यावर तिने भावाला फोन करून सगळं सांगितलं.

"गिरणीवाल्यांचं नाव घालवलंस," तो म्हणाला.

"मी नाही, थर्झाने," असं म्हणून ती शेगडीवरचे बटाटे बघायला गेली.