डोंगराकडे न परतलेला बर्फ

मित्रांनो, हातभर लांबीचा बर्फाचा दांडा आपली हकीकत सांगतो आहे, याचे नवल वाटून घेऊ नका. वयाने मी तुमच्या खापरपणजोबांपेक्षाही कितीतरी मोठा आहे.

माझा जन्म पेरू देशातल्या यानारिती डोंगराच्या माथ्यावर झाला. ओल्या ऋतूत तिथे हिम पडायचे आणि कोरड्या ऋतूत पठारावरची धूळ उडून त्यावर बसायची. दर वर्षाचा एक पांढरा थर आणि एक मळकट रेघ. ज्या वर्षी पश्चिमेचा समुद्र तापे, त्या वर्षी हिम पाठ फिरवी आणि माझा थर जेमतेम भरे. माझ्या खालच्या अंगात तर असे उपाशी थर दाटीने बसले आहेत. तो मोठा दुष्काळ होता. खाली माणसांचे काय झाले, ते मला ठाऊक नाही.

पुढे इरेने नावाची संशोधक आली. तिने पोकळ नळीने मला वर काढले आणि गावातल्या घोडेवाल्या तोरिबिओच्या घोड्यावर लादून खाली आणले. गावाच्या वेशीवर त्याची थोरली बहीण फोर्तुनाता आडवी उभी राहिली. तिचे पोट अल्पाका या लोकरीच्या जनावरांच्या कळपावर, आणि कळपाचे पावसावर.

"डोंगराला न विचारता त्याची हाडं पळवतेस होय गं? पाऊस रुसला तर जनावरं काय तुझी यंत्रं चघळतील?"

"आक्का, जाऊ दे तिला. बर्फ वितळतोय," तोरिबिओ पुटपुटला.

"तू गप रे! भाडं मिळालं तर डोंगरसुद्धा घोड्यावर घालशील."

इरेनेने मला खोक्यातून काढून माझ्या रेघा दाखवल्या. "मावशी, दुष्काळ कधी आले, किती टिकले, सगळं यात आहे. हा गेला तर पुन्हा कळायचं नाही."

"असेल. पण आमच्यात मक्याच्या दारूचा पहिला घोटसुद्धा डोंगराला सांडतात. हा बर्फही निम्मा त्याचा."

इरेनेचा चेहरा उतरला, पण तिने करवत काढली. माझा वरचा भाग फोर्तुनाताने लोकरीच्या घोंगडीत गुंडाळला आणि माथ्यावरच्या बर्फात नेऊन ठेवला. मला दोघींचाही राग आला नाही. करवत मात्र लागली.

उरलेला मी शहरातल्या शीतगृहात आलो. माझ्या चकत्या निघाल्या, धूळ तपासली गेली, माझ्यातले हवेचे बुडबुडेही मोजले गेले. दुष्काळाचा काळ समजला तेव्हा माझे फार कौतुक झाले. नंतर मी मागच्या फळीवर पडून राहिलो.

गेल्या वर्षी शीतगृहाचे दार उघडले. केस पिकलेल्या इरेनेबरोबर वाकलेली फोर्तुनाता आत आली. ती मला न्यायला आली असे वाटून मला आनंद झाला.

"मी ठेवला होता तिथं आता नुसता काळा दगड आहे गं," ती म्हणाली. "तो निम्मा कधीच ओढ्याला गेला."

इरेनेने मला फळीवरून उचलले. "मग हा नेता का, मावशी?"

"नेऊन ठेवू कुठं?"

तिने माझ्यावरून एकदा हात फिरवला. उंबऱ्याशी दारूचे चार थेंब सांडले आणि ती निघून गेली.

मित्रांनो, इकडे आलात तर जाताना दार नीट लावून घ्या. मला आता दुसरे घर नाही.