काचेच्या दाराची परीक्षा

माई दुकानात शिरल्या त्या बाथरूममधलं प्लास्टिकचं स्टूल काखोटीला मारूनच. मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सून मात्र गालातल्या गालात हसली.

शॉवरभोवती काचेची खोली बसवायची होती. मुलाने मोबाइलवर पसंतही करून ठेवली होती: सोनेरी मुठीची, दार आत उघडणारी, वीतभर उंबरठ्याची. माईंचा जीव अडकला होता तो मात्र नवऱ्यात. अर्धांगाचा झटका आल्यापासून वर्षभर त्याच त्याला अंघोळ घालत होत्या. एरवी तोंडाची तोफ असलेला तो माणूस अंगावर पाणी पडलं की भिंतीकडे बघत गप्प बसायचा. "एकट्याने अंघोळ करू दे मला," एवढंच त्याचं मागणं होतं.

"आजी, सगळे हाच माल नेतात," विक्रेता म्हणाला. "दार आत उघडतं, बाहेर थेंब येत नाही."

"सगळे खड्ड्यात जातील, मी आधी खोली बघेन."

चपला काढून माई आत गेल्या. स्टूल मांडून ऐसपैस बसल्या. "लाव गं दार."

सुनेने दार लावलं. माईंनी एक हात लुळा सोडला, मान टाकली आणि घसरून दाराला पाठ लावून फरशीवर बसल्या.

"आई! काय झालं?" मुलगा ओरडला.

"पडले. काढा आता बाहेर."

विक्रेत्याने दार ढकललं. ते माईंच्या पाठीला अडलं. मुलाने खांदा लावला. अख्ख्या घराला चाळीस वर्षांत जी बाई हलवता आली नाही, ती एका दाराने काय हलणार!

"आई, जरा सरक ना."

"पडलेलं माणूस सरकतं होय रे?"

मुलाचा हात दारावरच राहिला. "बाबा आत असते तर..." तो पुटपुटला. मग विक्रेत्याकडे वळला. "बाहेर उघडणारं दार दाखवा. आणि उंबरठा नको."

"आता कसा माझ्या पोटचा शोभलास!" माई टुणकन उठल्या.

दुसऱ्या खोलीतही त्या तश्शाच पडल्या. सुनेने एका हाताने दार ओढलं आणि सासू थेट तिच्या कुशीत. "हेच बसवा," माई तिथूनच म्हणाल्या. "काच तेवढी दुधी हवी. त्याची अब्रू काय रस्त्यावर पडलीय?"

खोली बसली त्या सकाळी म्हातारा काठी टेकत आत गेला. स्टुलावर बसला. दार त्याने स्वतः ओढून घेतलं. पाणी सुरू झालं. माई बाहेर मुठीवर हात ठेवून, श्वास रोखून उभ्या.

"काचेतून सावली दिसते तुझी!" आतून तोफ धडाडली. "पहारा देतेस काय? हल तिथून!"

माई हलल्या. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच, कुणीतरी हल म्हणाल्यावर.